कोलेन्सोची घळ आणि चिव्हलीपर्यंतचे खांदे

या प्रकरणातला जखमी माणूस शेवटी वाचला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचं लक्ष "पुढे काय होतं" याकडे न जाता "कोणी काय केलं, कोणत्या क्रमाने केलं" याकडे राहील. लेफ्टनंट फ्रेडरिक रॉबर्ट्स १५ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सोच्या मैदानात पडला आणि १७ डिसेंबरला चिव्हलीच्या तळावर त्याने प्राण सोडला. मधल्या काळात एक डॉक्टर त्याच्यासाठी गोळ्यांत गेला, एक जखमी कॅप्टन पुन्हा उठून गेला, आणि शेवटी काही हिंदी माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या माणसांचा पुढारी पुढे आमच्या वर्धा जिल्ह्यात येऊन राहिला.

मी आर्मी मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. लखनौच्या सेंटरला नर्सिंग असिस्टंटचं शिक्षण झालं, नंतरची सगळी नोकरी जखमी आणि आजारी जवानांमध्ये गेली. आता आर्वी तालुक्यातल्या गावी असतो. गावातली पोरंपोरी सैन्याच्या, पोलिसांच्या भरतीसाठी पहाटे शाळेच्या मैदानावर धावतात, त्यांना मी प्रथमोपचार शिकवतो. त्यांच्या डोक्यात शौर्य म्हटलं की बंदूक येते. म्हणून मी हे प्रकरण निवडलं. यात ज्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं त्या डॉक्टरचं नाव गोळी झाडण्यासाठी घेतलं जात नाही, गोळ्यांतून लोकांकडे जाण्यासाठी घेतलं जातं.

मैदान

इंग्रज आणि बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे गोरे, यांचं युद्ध ऑक्टोबर १८९९ मध्ये पेटलं. नाताळ प्रांतात लेडीस्मिथ गावात ब्रिटिश फौज वेढ्यात सापडली होती. तिला सोडवायला जनरल बुलर निघाला. वाटेत तुगेला नदी आडवी, आणि नदीपलीकडच्या टेकड्यांत लुई बोथाचे बोअर खंदक खणून बसलेले. त्यांच्याकडे माउझर रायफली होत्या आणि काडतुसांत बिनधुराची दारू. गोळी येऊन लागायची, पण ती कुठून सुटली ते धुरावरून कळायची सोय नव्हती.

१५ डिसेंबरच्या सकाळी कर्नल लाँगने १४ आणि ६६ क्रमांकाच्या बॅटऱ्यांच्या, म्हणजे तोफखान्याच्या तुकड्यांच्या, बारा तोफा पायदळाच्याही पुढे नेल्या. नदीपासून साधारण हजार यार्डांवर, उघड्या माळावर त्या मांडल्या. आडोसा काहीच नाही. थोड्या वेळात तोफांवरची माणसं पडू लागली, दारूगोळाही संपत आला. जे चालू शकत होते त्यांनी जखमींना ओढत मागच्या घळीत आणलं. ही घळ म्हणजे पावसाळ्यात वाहणारा आणि एरवी कोरडा पडलेला ओहोळ. आमच्याकडे वावराच्या कडेला एप्रिलमध्ये दिसतो तसाच, काठ खचलेले आणि तळाला गोटे. अशा ठिकाणी काठाला चिकटून बसलं तर गोळी डोक्यावरून जाते, उभं राहिलं तर जात नाही.

डिसेंबर म्हणजे तिकडे भर उन्हाळा. वर्गातल्या पोरांना हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं, कारण डिसेंबर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तुरीला आलेली फुलं आणि सकाळची थंडी येते. तिथे ऊन डोक्यावर होतं, सावली नव्हती आणि प्यायला पाणी नव्हतं. ज्याचं रक्त गेलं आहे त्याला अशा उन्हात काही तास ठेवलं तर काय होतं, ते मी फौजेत पाहिलं आहे. ओठ पांढरे पडतात, माणूस आधी खूप बोलतो आणि मग बोलणं थांबवतो. बोलणं थांबलं की नातेवाइकांना वाटतं आराम पडला. खरी घाई करायची ती वेळ असते.

घळीत

घळीत जखमी होते पण डॉक्टर नव्हता. मागे निरोप गेला. रॉयल आर्मी मेडिकल कोअरचा मेजर विल्यम बॅब्टी, वय चाळीस, घोड्यावर बसून निघाला. मैदान ओलांडताना त्याच्या घोड्याला तीन वेळा गोळी लागली. घळीत पोहोचल्यावर त्याने जखमींना एका जागी गोळा करण्याचा हट्ट धरला नाही. ते जिथे जिथे आडोशाला पडले होते तिथे तिथे तो स्वतः गेला. त्याच्या सन्मानपत्रात नोंद आहे की कोणी डोकं वर काढलं की त्याच्यावर गोळीबार व्हायचा, आणि बॅब्टी अशा गोळीबारात एका जागेवरून दुसऱ्या जागी जात सर्वांवर उपचार करत राहिला.

"सर्वांवर" हा शब्द मी वर्गात फळ्यावर लिहितो. पुढची चर्चा त्याच्याभोवती फिरते.

त्याच्याजवळ होतं तरी काय? पट्ट्या, खपच्या, रक्त थांबवायचा बंध, वेदनेसाठी मॉर्फिन. रक्त चढवणं हा प्रकार तेव्हा विश्वासाने करता येत नव्हता. रक्तगटांचा शोध लँडस्टायनरने १९०१ मध्ये लावला. पेनिसिलिन १९२८ चं. म्हणजे घळीत डॉक्टरच्या हातात होतं ते इतकंच: वाहणारं रक्त थांबवणं, मोडलेलं हाड हलू न देणं, वेदना कमी करणं, आणि कोणाला आधी हलवायचं ते ठरवणं. आजही गोळीबाराच्या जागी आम्हाला याहून फार जास्त करायला सांगत नाहीत. आजची शिकवण उलट अधिक कडक आहे. गोळ्या चालू असताना जखमीला आडोशाला घ्या, हातापायातून रक्ताची धार असेल तर बंध आवळा, बाकी सगळं आडोशाला गेल्यावर. श्वासनळी, छाती, इतर जखमा हे त्यानंतर. कारण हातापायाच्या मोठ्या नसेतून रक्त वाहत असेल तर माणूस काही मिनिटांत जातो, आणि त्या मिनिटांत उपचार करणाराही पडला तर दोघंही गेले.

एका पोराने विचारलं होतं, "काका, त्याले भेव नाही लागलं का?" लागलं असणार. घोड्याला पहिली गोळी लागली तेव्हा घोडा दचकला असणार, तो आवाज मांडीखाली कळतो. भीती जात नाही. पण ज्याला हातांनी करायचं काम ठरलेलं आहे त्याचे हात भीतीतही चालत राहतात. फौजेत आम्हाला पट्टी बांधायला अंधारात शिकवलं, पावसात शिकवलं, धाप लागलेली असताना शिकवलं. त्या वेळी कंटाळा यायचा. त्या सरावाचा उपयोग पुढे कळतो.

दुसऱ्यांदा बाहेर

तोफा माळावरच पडून होत्या. त्या परत आणायला घळीतून काही अधिकारी आणि जवान घोडे घेऊन निघाले. त्यांत लेफ्टनंट रॉबर्ट्स होता. तो किंग्ज रॉयल रायफल कोअरचा, जन्म आपल्याकडे अंबाल्याचा, आणि फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्सचा एकुलता हयात मुलगा. कॅप्टन वॉल्टर काँग्रीव्हही त्यांत होता. दोन तोफा आणता आल्या, उरलेल्या दहा शेवटी बोअरांच्या हाती गेल्या. रॉबर्ट्स गोळ्या लागून उघड्या माळावर पडला.

काँग्रीव्ह स्वतः जखमी होऊन आडोशाला आला होता. पायातून गोळी आरपार गेलेली, एक गोळी बुटाच्या पुढच्या टोकातून गेलेली, कोपर आणि खांदा खरचटलेला. रॉबर्ट्स पडलेला दिसल्यावर तो पुन्हा बाहेर गेला, त्याच्याबरोबर बॅब्टी गेला, आणि दोघांनी गोळीबारात रॉबर्ट्सला घळीत आणलं.

या ठिकाणी वर्गात दरवेळी वाद होतो आणि मला तो हवाच असतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने सरळ विचारलं, "थो मोठ्या साहेबाचा पोरगा होता म्हणून गेला ना डॉक्टर? साध्या जवानासाठी गेला असता का?"

प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर प्रसंगाच्या क्रमात आहे. बॅब्टी पहिल्यांदा घोडा घेऊन आला तो तोफखान्याच्या जखमींसाठी, साध्या गोलंदाजांसाठी. घोड्याला तीन गोळ्या लागल्या त्या त्यांच्याकडे येताना. घळीतल्या सगळ्यांचं पाहून झाल्यावर, सन्मानपत्राच्या शब्दांत "नंतर त्याच दिवशी", तो रॉबर्ट्ससाठी बाहेर पडला. उलट झालं असतं, म्हणजे आधी साहेबाच्या मुलाकडे धावला असता आणि घळीतले तसेच राहिले असते, तर मी हे प्रकरण शिकवलं नसतं.

दुसरा आक्षेप लष्करी आहे आणि तो अधिक वजनदार आहे. घळीत एकच डॉक्टर. तो एका माणसासाठी बाहेर जाऊन पडला असता तर उरलेल्या सगळ्यांना वाली राहिला नसता. आजच्या नियमाने मी माझ्या हाताखालच्या नर्सिंग असिस्टंटला असं जाऊ दिलं नसतं, दुसऱ्या दोन धडधाकट जवानांना पाठवलं असतं. पण कोलेन्सोच्या घळीत धडधाकट किती उरले होते? जो दुसरा गेला त्याच्याच पायातून गोळी गेली होती. जखमींची पहिली काळजी पूर्ण झाली होती. माळावरचा माणूस उन्हात तसाच पडला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचा निकाल लागला असता. हे तिन्ही एकत्र ठेवले तर माझं मत बॅब्टीच्या बाजूने पडतं. वर्गातल्या त्या मुलीचं अजून पडलेलं नाही, आणि तिने आपलं मत का धरून ठेवलंय ते ती नीट सांगू शकते, म्हणून मी तिला पूर्ण गुण दिले.

त्या दिवशीच्या तोफांच्या प्रकरणात एकूण सात व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. बुलरने दुपारच्या आधीच माघारीचा हुकूम दिला होता. मागे पडलेल्या घळीतल्या माणसांना तो दिवस तसाच काढावा लागला. रॉबर्ट्सही त्यांतच होता.

खांदे

इथून प्रकरण आमच्या अंगणात येतं.

मोहनदास करमचंद गांधी तेव्हा तीस वर्षांचा, दरबानमध्ये वकिली करणारा. मनाने त्याची सहानुभूती बोअरांकडे होती, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. पण ब्रिटिश प्रजा म्हणून हक्क मागायचे तर प्रजा म्हणून सेवाही केली पाहिजे, असं त्याचं त्या वेळचं मत. हिंदी लोकांचं जखमी वाहणारं पथक घ्या, अशी विनंती त्याने केली. आधी नकार मिळाला. मग कोलेन्सोच्या सुमाराला माणसांची गरज पडली आणि परवानगी आली. पथक जवळपास अकराशेचं. चाळीसेक पुढारी, तीनशेच्या आसपास स्वतंत्र हिंदी, आणि बाकीचे सगळे गिरमिटिया, म्हणजे उसाच्या मळ्यांत आणि खाणींत कराराने बांधलेले मजूर. मिशनच्या दवाखान्याचे डॉक्टर बूथ यांनी पुढाऱ्यांना शुश्रूषेचे धडे दिले होते.

गांधींच्या आठवणींत नोंद आहे की लेफ्टनंट रॉबर्ट्सला रणभूमीवरून नेण्याचा मान आपल्या पथकाला मिळाला. चिव्हलीच्या तळाकडे जाताना कडक ऊन होतं, सगळे तहानेने व्याकूळ. वाटेत एक बारीकसा झरा लागला. आधी कोणी प्यायचं? गोरे सैनिक हिंदी लोकांना म्हणाले तुम्ही आधी प्या, हिंदी लोक म्हणाले तुम्ही आधी. बराच वेळ हा आग्रह चालला. एरवी त्याच नाताळमध्ये हिंदी माणसाला पायवाटेवरून चालण्यासाठी भांडावं लागत होतं. जखमी माणूस मध्ये ठेवला की काही वेळ हे अंतर मिटतं, हे मी फौजेत जात, प्रांत, भाषा यांच्या बाबतीत पाहिलं आहे. कायमचं मिटतं असा दावा मी करत नाही.

वर्गात मला सगळ्यात जास्त वेळ या भागाला लागतो, कारण पोरांना वाटतं अवघड ते गोळ्यांत जाणं, खांद्यावर नेणं म्हणजे हमाली. म्हणून मी त्यांना नेऊन पाहायला लावतो.

चार जणांनी स्ट्रेचर उचललं की पहिल्या शंभर पावलांत हसणं चालू असतं. त्यानंतर बोटं दुखू लागतात. तळहात नाही, बोटं. मग ज्याची उंची कमी त्याच्या बाजूला स्ट्रेचर कलतं आणि जखमी त्या बाजूला घसरतो. सपाट रस्त्यावर जखमीचे पाय पुढे ठेवून चालायचं, म्हणजे मागच्याला त्याचा चेहरा दिसतो. चढावर डोकं पुढे करायचं, पाय मोडला असेल तर मात्र वेगळा विचार करायचा. आणि परेडची सवय असलेल्या पोरांना सर्वांत अवघड जातं ते हे, की पावलात पाऊल टाकायचं नाही. चौघांची पावलं एकत्र पडली की स्ट्रेचर झोक्यासारखं वरखाली होतं आणि मोडलेल्या मांडीचं हाड आतून मांस फाडतं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला मांडीचं हाड मोडलेल्या जखमींतले बहुतेक मरत होते. थॉमस खपची सर्रास वापरली जाऊ लागल्यावर ते प्रमाण झपाट्याने उतरलं. हाड हलू न देता नेणं हाच तिथे उपचार होता.

आता हे डोळ्यांपुढे ठेवून गांधींच्या पथकाचं काम पाहा. एका दिवसात वीस ते पंचवीस मैल त्यांनी जखमी वाहिले आहेत. गावापासून आर्वीला जाऊन पुन्हा परत येण्याइतकं अंतर, उन्हात, डोंगराळ वाटेने, खांद्यावर जिवंत माणूस.

पथकाने गोळीबाराच्या हद्दीबाहेर काम करायचं असं आधी ठरलं होतं. जानेवारी १९०० मध्ये स्पिअन कॉपच्या टेकडीवर ब्रिटिशांची भीषण हानी झाली. वर खडक, त्यात खंदक धड खणता आला नाही, आणि सैनिक उथळ चरात उघडे सापडले. तेव्हा बुलरचा निरोप आला: तुमच्यावर बंधन नाही, पण हद्दीच्या आत येऊन जखमी उचललेत तर सरकार आभारी राहील. पथक आत गेलं. तिथे डोक्याला जखम होऊन पडलेल्या जनरल वुडगेटलाही त्यांनी वाहून आणलं. हातावर रेड क्रॉसचा पट्टा होता, पण हजार यार्डांवरून येणाऱ्या गोळीला तो दिसत नाही.

"गांधीजी लढाईत गेलते?" हा प्रश्न सेवाग्रामपासून तासाभराच्या अंतरावर राहणारी मुलं विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं. बापूकुटी त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहे. तिथे शेजारी परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोगाने झिजलेल्या त्या माणसाच्या जखमा गांधी स्वतः धूत आणि मालिश करत. ते हात स्ट्रेचर धरून तयार झालेले होते. १९०६ मध्ये झुलू बंडाच्या वेळी त्यांनी पुन्हा लहान पथक उभं केलं. तेव्हा त्यांच्या वाट्याला फटके खाऊन पाठी सोललेले झुलू आले, ज्यांना हात लावायला गोरे परिचारक तयार नव्हते. १९३४ मध्ये गांधी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथे सुशीला नय्यर यांनी सुरू केलेल्या दवाखान्यातून १९६९ साली देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतला कोणी ना कोणी तिथे जन्मला किंवा बरा झाला.

पथकाच्या पुढाऱ्यांना युद्धपदकं मिळाली. गांधींनी आपली पदकं १९२० मध्ये सरकारला परत केली. ज्यांच्या खांद्यावर बहुतेक वजन होतं ते सातआठशे गिरमिटिया मळ्यांत आणि खाणींत परत गेले.

पुढे काय झालं

रॉबर्ट्स १७ डिसेंबरला गेला. त्याचे वडील त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. मुलाची बातमी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सगळ्या फौजेची सरसेनापतीची नेमणूक, दोन्ही त्यांच्याकडे एकाच सुमारास आल्या. मुलालाही व्हिक्टोरिया क्रॉस दिला गेला. काँग्रीव्ह पुढे जनरल झाला.

बॅब्टीची पुढची गोष्ट मी पोरांपासून लपवत नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो हिंदुस्थानातल्या फौजेच्या वैद्यकीय सेवेचा प्रमुख होता. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदी फौज गेली ती अपुऱ्या बोटी, अपुरे डॉक्टर आणि जखमींसाठी जवळपास नसलेली वाहनं घेऊन. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत चार हजारांहून अधिक माणसं पडली, त्यांत मराठा पलटणींचे जवानही होते. स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून, मग बोटींच्या उघड्या डेकवर दाटीने टाकून, जखमी बसऱ्याला आणले गेले. त्यांच्या पट्ट्या दिवसेंदिवस बदललेल्या नव्हत्या. मेजर कार्टर नावाच्या हिंदी वैद्यकीय सेवेतल्या डॉक्टरने बोट धक्क्याला लागताना जे पाहिलं ते लिहून वर कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच दटावलं. १९१७ च्या चौकशी आयोगाने ज्यांच्यावर ठपका ठेवला त्यांत बॅब्टीही होता.

बॅब्टी तेव्हा मेसोपोटेमियात प्रत्यक्ष नव्हता. आणि घळीतला बॅब्टी खोटा होता असंही यातून निघत नाही. कोलेन्सोत त्याचं धाडस फुकट गेलं नाही, कारण घळीच्या मागे रुग्णगाड्या होत्या, फील्ड हॉस्पिटल होतं, आणि चिव्हलीपर्यंत खांदे होते. मेसोपोटेमियात पुढच्या फळीत धाडसी डॉक्टर आणि जखमी वाहणारे बेअरर कमी नव्हते. त्यांनी बांधलेल्या माणसाला न्यायला मागे कोणी नव्हतं. माझ्या मते जखमीला सोडवणं हे एका माणसाचं काम कधीच नसतं. पहिला माणूस गोळ्यांत जातो तो मागच्यांच्या भरवशावर, आणि मागचे जागेवर नसतील तर त्याचं जाणं वाया जातं. आमच्या फौजेत प्रत्येक पायरी ठरलेली असते: पलटणीचा नर्सिंग असिस्टंट, मग रेजिमेंटचं एड पोस्ट, पुढे ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल. यातली एक पायरी ढिली पडली तरी ती पहिल्या पट्टीपर्यंत जाणवते.

पांदणीवर

आमच्या गावात गोळ्या चालत नाहीत. पण वावरातून गावात येणारी पांदण जुलैपासून चिखलात जाते. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते आणि तिथून पुढे येऊ शकत नाही. सोयाबीन काढताना मळणी यंत्रात हात जातो, शेतात साप चावतो, वीज पडते, बंडी उलटते, आणि माणूस डांबरी रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत असतो. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की गावंच्या गावं तुटतात आणि लोक बाळंतिणीला खाटेवर घालून, बांबूला दोर बांधून आणतात. तिथल्या लोकांना चार खांद्यांचं महत्त्व मी शिकवायची गरज नाही.

म्हणून या प्रकरणाचा प्रात्यक्षिक भाग पांदणीवरच घेतो. एक जण मळणी यंत्रात हात गेलेला जखमी होतो. रक्ताची धार समजून दोघं बंध बांधतात. दोर नाही, तार नाही, चार बोटं रुंदीचा कापडाचा पट्टा, दुपट्टा किंवा गमछा दुमडून, आणि पीळ द्यायला काठी. बंध बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर किंवा हातावर लिहायची, कारण दवाखान्यातला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो. इथेच मी दुसरी गोष्टही बजावतो: हा बंध साप चावल्यावर बांधायचा नाही. गावात साप चावला की पहिली धाव दोरीकडे जाते, आणि त्याने पाय वाचत नाही, उलट सडतो. सापाला उपाय एकच, पाय न हलवता लवकरात लवकर दवाखाना.

मग बाजेवर घालून चौघं निघतात, चौघं मागे रिकाम्या हातांनी चालतात आणि विजेच्या दर दुसऱ्या खांबाला खांदे बदलतात. बाज स्ट्रेचरपेक्षा जड आणि मध्ये झोळ पडणारी, म्हणून आम्ही त्यावर आधी दाराची फळी टाकतो. बदलताना बाज खाली ठेवायची नाही, नवा खांदा आत आला की जुना बाहेर. पहिल्या वेळी पोरांना हे जमत नाही आणि बाज कलते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एकमेकांच्या श्वासावरून कळू लागतं की कोण दमलंय. त्यांनी स्वतःच एक नियम केला: दमल्याचं सांगणाऱ्याला कोणी हसायचं नाही, कारण न सांगता हात सुटला तर खाली पडतो तो जखमी.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता बदल्यांचं नियोजन करते. कोण कोणत्या खांबाला आत येईल ते ती वहीत लिहून ठेवते आणि पावसाळ्यासाठी वेगळी यादी करते, कारण चिखलात दर खांबाला बदलावं लागतं.

पुढच्या वेळेसाठी मी त्यांना एक प्रश्न दिला आहे. घळीत दोन जखमी आहेत, एकाच्या मांडीतून धार आहे आणि तो शांत आहे, दुसऱ्याच्या हाताचं हाड मोडलंय आणि तो मोठ्याने ओरडतोय. तुमच्याकडे एकच पट्टी आहे आणि दोघांपैकी एकजण तुमचा सख्खा भाऊ आहे. कोणाकडे आधी जाल ते लिहून आणायचं, कारणासकट, आणि भाऊ कोणता ते मी सांगितलेलं नाही.